सतरा क्रमांकाची शेवटची ओळ

गुरुवार, ६ डिसेंबर १९६२, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. ब्रुकवेलच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्यांची मिळून एक्केचाळीस मुले भोजनगृहातल्या लांब टेबलांशी एकेक जागा सोडून बसली आणि नाताळची गोष्ट लिहू लागली. वेळ दोन तास, मर्यादा एक पान. कागदावर नाव घालायचे नाही, फक्त क्रमांक घालायचा. नावाची चिठ्ठी पाकिटात बंद, आणि पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात.

ही सारी व्यवस्था १९४१ साली विनिफ्रेड स्टोडार्ड यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढली होती. आठवीच्या ‘अ’ तुकडीला भाषा त्याच शिकवत. दोन्ही तुकड्यांच्या शिक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे. गोष्टीची अंगे पाच: स्थळकाळ, पात्रे, संघर्ष, कलाटणी आणि उपरोध. प्रत्येक अंगाला पाच गुण, म्हणजे एका परीक्षकाचे पंचवीस आणि दोघांचे मिळून पन्नास. दोघांच्या बेरजेत आठांहून अधिक अंतर पडले तर गोष्ट तिसऱ्या वाचकाकडे जाई. पाकिटे फुटल्यावर मात्र कोणताही गुण बदलता येत नसे.

पहिली आलेली गोष्ट नाताळाआधीच्या शुक्रवारी नगरभवनात वाचली जाई. वाचायची लेखकाने, पण त्याआधी त्याच्या शिक्षकाने तीन पायऱ्या चढून व्यासपीठावर जायचे आणि गोष्ट चांगली का, हे तीनशे गावकऱ्यांना उलगडून सांगायचे. स्टोडार्डबाई त्या पायऱ्या ओळीने एकोणीस वर्षे चढल्या. ‘ब’ तुकडीला शिक्षक टिकत नसे, हेही त्याचे एक कारण होते. पण ते गावात कोणी बोलत नसे आणि बाई तर मनातही आणत नसत. विसाव्या वर्षी ‘ब’ तुकडीला कॅल्विन रेनर आला आणि टिकला. १९६० साली त्याचा विद्यार्थी पहिला आला, आणि १९६१ सालीही. येत्या जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. हे वर्ष हातचे गेले की पायऱ्या संपल्या. त्यांना फक्त एकदा, शेवटचे, त्या चढायच्या होत्या.

बाईंची पद्धत सगळ्या गावाला पाठ होती. फळ्यावर पाच रकाने आखायचे आणि जुन्या नाताळकथांचे एकेक अंग सुटे करून त्यांत मांडायचे. उपरोधाला त्या सर्वांत अधिक वेळ देत. “पावसात माणूस भिजला, ती गैरसोय,” त्या सांगत. “हवामान कचेरीतला माणूस ‘आज कडक ऊन’ असे लिहून बाहेर पडला आणि भिजला, तो उपरोध. नुसता योगायोग म्हणजे उपरोध नव्हे. अपेक्षा एक आणि घडले नेमके उलटे, हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.” आणि ते बोट कुठे ठेवायचे, तर गोष्टीच्या शेवटच्या वाक्यावर. म्हणून त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे शेवटचे वाक्य ‘उपरोध असा की’ या तीन शब्दांनी सुरू होई. बाईंच्या हाताखालून गेलेल्या माणसांची तऱ्हा अशी होती, की लोहाराच्या हातून हातोडी पायावर पडली तरी तो म्हणे, “उपरोध असा की...”

रेनर मुलांना कात्री वाटत असे.

गोष्ट लिहून झाली की तो म्हणे, “आता शेवटचे वाक्य कापा. गोष्ट मेली तर परत चिकटवू. जिवंत राहिली तर ते वाक्य तुमचे नव्हतेच.” कापलेल्या पट्ट्या दोऱ्यात ओवून त्याने वर्गातल्या सूचिपर्णी झाडावर माळेसारख्या सोडल्या होत्या. झाड खिडकीशी होते. शाळेतली बहुतेक मुले त्या वर्गात डोकावून जात. ‘अ’ तुकडीचीही जात, हे बाईंना ठाऊक होते. कोण किती वेळा जाते, हेही ठाऊक होते.

त्याच गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई त्या वर्गात शिरल्या. आपण खडू मागायला आलो आहोत, असे कारण त्यांनी तयार ठेवले होते. वर्गात कोणी नव्हते. त्या झाडापाशी गेल्या आणि पट्ट्या मोजू लागल्या. त्रेसष्ट होत्या. मग त्या वाचू लागल्या. ‘आणि तेव्हा त्याला खऱ्या प्रेमाचा अर्थ कळला.’ ‘म्हणून आपण गरिबांना विसरू नये.’ वाक्ये सामान्यच होती. कापली ते बरेच झाले, असे त्यांच्याही मनात आले, आणि त्या विचाराचाच त्यांना राग आला. चौथ्या फांदीवर एक पट्टी होती: ‘उपरोध असा की ज्या घराची वाट तो विचारत होता, ते त्याचेच होते.’

बाईंचे बोट त्या पट्टीवर थांबले. त्यांचे तीन शब्द. कापून, भोक पाडून, टांगलेले.

“स्टोडार्डबाई, कात्री हवी का?”

रेनर दारात उभा होता. हातात कुणा मुलाच्या बर्फात घालायच्या ओल्या बुटांची जोडी, चेहऱ्यावर हसू.

“खडू हवा होता,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्याकडे खडूचा खप नसावा.”

“आहे की. तुमच्याइतका नाही.” त्याने टेबलावरची पेटी पुढे केली. “ती पट्टी पाहिलीत वाटतं. ग्लेन ऑस्टरची. त्याची मोठी बहीण मॅरियन तुमच्याकडे होती.”

“चांगली होती मॅरियन.”

“ग्लेन म्हणतो, इथे कापलेली वाक्यं ती घरी परत लिहायला लावते. माझी कात्री आणि तिची वही, यांत बिचारा पोर सापडलाय.”

“पोराला जे योग्य वाटतं ते तो करील.”

“तेच म्हणतो मी,” रेनर म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना बरे वाटले असते. हा माणूस त्यांच्याशी सदैव चांगला वागे, आणि त्याचा चांगुलपणा त्यांना नव्या बुटासारखा चावत असे. त्या दोन खडू घेऊन निघाल्या. व्हरांड्यात आल्यावर लक्षात आले की त्यांनी आभारही मानले नव्हते.

गोष्टी टंकलिखित करण्याचे काम कचेरीतल्या गेजबाईंचे. अक्षर ओळखता येऊ नये म्हणून त्या प्रत्येक गोष्ट मेणकागदाच्या स्टेन्सिलवर उतरवीत आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढीत. पुढे त्याच प्रती घरोघर जात. शनिवारी दुपारी एक्केचाळीस पानांचा गठ्ठा घेऊन बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. समोर त्यांचा थोरला भाऊ एल्मर अक्रोड फोडत होता. तो रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेला. तेव्हापासून लांब वाक्ये त्याला सोसत नसत.

बाई प्रत्येक पान आधी एकदा वाचत आणि मग रकाने भरत. आठव्या क्रमांकाशी त्यांचा चेहरा उजळला. एक स्टेशनमास्तर नाताळच्या आदल्या दिवशी सहाच्या ठोक्याला प्रतीक्षालय बंद करतो. बाहेर बर्फात कोणीतरी दार ठोठावतो. मास्तर नियमावर बोट ठेवून उघडत नाही. ठोठावणारा निघून जातो. शेवटचे वाक्य: ‘उपरोध असा की तो माणूस मास्तरला सणाची सुटी मिळावी म्हणून बदली पाठवलेला होता.’ काम नेटके, चौकटीतले. ही गोष्ट कोणत्या वर्गातली हे सांगायला पाकीट फोडण्याची गरज नव्हती. बाईंनी चोवीस गुण दिले.

मग सतरावे पान आले.

एका गल्लीत समोरासमोर दोन घरे, सहा आणि नऊ. सहा क्रमांकात एक विधुर, नऊ क्रमांकात एकटी बाई. विधुराच्या दारावरच्या आकड्याचा वरचा खिळा निसटतो, सहा उलटा लोंबतो आणि नऊ होतो. त्या नाताळापासून दरवर्षी त्याच्या पायरीवर मनुकांचा पाव येऊ लागतो, चिठ्ठीवर एवढेच: ‘विसरलो नाही.’ कोण आठवण काढते ते त्याला उमगत नाही. तो साऱ्या गल्लीशी गोड वागू लागतो, न जाणो हाच असेल. आणि समोरच्या बाईकडे कधी काहीच येत नाही, हे पाहून दरवर्षी अर्धा पाव तिला नेऊन देतो. शेवट असा: ‘ती म्हणाली, “इतक्या वर्षांत माझी आठवण ठेवणारे तुम्ही एकटेच.” त्याने टोपी काढली आणि रस्ता ओलांडून घरी गेला.’

पान तिथेच संपत होते. खाली कोरा समास.

बाईंनी गोष्ट पुन्हा वाचली. नंतर तिसऱ्यांदा. गोष्ट त्यांना आवडली, आणि आवडल्याबरोबर त्यांना कळले की ही कात्री आहे. हा त्याचाच वर्ग. आपण पाच रकाने भरून ज्याची वाट एकवीस वर्षे पाहिली, ते त्याच्या खोलीत, कापलेल्या कागदाच्या कपट्यांत उगवले.

“बराच वेळ लागला,” एल्मर म्हणाला. “चांगली असणार. वाईट गोष्ट तू कॉफी उकळायच्या आत संपवतेस.”

“अर्धवट आहे.”

“बघू.” त्याने अक्रोडाची टरफले झटकली, पान घेतले, वाचले आणि एकदाच नाकातून हसला. “झकास आहे की गं, विनी. काय अर्धवट?”

“उपरोध कुठे सांगितलाय?”

“मला कळला ना. पाव तिचाच होता.”

“तुला कळला हा मुद्दा नाही. लिहायला हवं होतं.”

“अगं, मी आठवीत तीन वेळा बसलो. मला कळलं म्हणजे सगळ्या गावाला कळलं.”

“तू अक्रोड फोड.”

“फोडतोय. कोणाची आहे?”

“नाव नसतं.”

“नाव नसतं ते ठाऊक आहे. कोणाची आहे ते विचारलं.”

बाईंनी पान त्याच्या हातातून परत घेतले. त्यांनी पेन्सिलीला टोक केले. आता त्या रागात नव्हत्या. हिशेबात होत्या, आणि हिशेब त्यांना नेहमीच शांत करी. रेनरने शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगितले होते, की मी पंचवीस कोणालाच देत नाही, सर्वांत उत्तम गोष्टीला चोवीस. म्हणजे या गोष्टीला त्याचे चोवीस. आपण पंधरा दिले तर अंतर नऊ, आणि गोष्ट तिसऱ्या वाचकाकडे. सोळा दिले तर अंतर नेमके आठ. स्थळकाळ चार, पात्रे चार, संघर्ष चार, कलाटणी तीन. उपरोधाच्या रकान्यात त्यांनी एक लिहिला आणि पुढे शेरा दिला: ‘अपूर्ण.’ बेरीज सोळा.

एल्मर खाली मान घालून अक्रोड निवडत होता. “शाल कशाला ओढलीस?” तो म्हणाला.

“थंडी आहे.”

“शेगडी पेटलीय, विनी.”

शुक्रवारी, १४ तारखेला, दुपारी चार वाजता मुख्याध्यापक ऑरिन व्हिटकम यांच्या खोलीत चौघे जमले: ते स्वतः, दोन परीक्षक आणि मूळ हस्तलिखितांचा गठ्ठा घेऊन गेजबाई. व्हिटकम यांनी दोन्ही गुणपत्रके शेजारी ठेवली. सर्वांत वर आठवा क्रमांक: बाईंचे चोवीस, रेनरचे वीस. दुसरा सतरावा: सोळा आणि चोवीस.

“अंतर आठ,” व्हिटकम म्हणाले. “आठांहून अधिक नाही. तिसरा वाचक नको. बरोबर ना, स्टोडार्डबाई? नियम तुमचा आहे.”

“बरोबर.”

पाकिटे फुटली. व्हिटकम यांनी पहिली चिठ्ठी चष्म्यापासून दूर धरून वाचली. “आठ. ग्लेन ऑस्टर, ‘ब’ तुकडी.”

रेनरने भुवया उंचावल्या. “ग्लेन? पण त्याने शेवटचे वाक्य... म्हणजे मॅरियनची वही जिंकली तर.”

“सतरा,” व्हिटकम पुढे वाचत होते. “थिया लुंडक्विस्ट, ‘अ’ तुकडी.”

बाईंना वाटले, ऐकण्यात चूक झाली. थिया पहिल्या बाकावर बसे, पाच रकाने पट्टीने आखे, ‘ब’ तुकडीच्या झाडाकडे एकदाही फिरकली नव्हती.

“थिया असा शेवट करणार नाही,” बाई म्हणाल्या. “मूळ कागद पाहू द्या.”

गेजबाईंनी गठ्ठ्यातून कागद काढला. निळ्या शाईतले थियाचे गोल अक्षर पार तळाशी पोचले होते. टोपी, रस्ता, घर, आणि त्याखाली आणखी एक ओळ: ‘उपरोध असा की पाव पहिल्यापासून तिचाच होता.’

“अरे देवा,” गेजबाई हळू आवाजात म्हणाल्या. “ती ओळ स्टेन्सिलच्या तांबड्या खुणेखाली गेली असणार. खुणेखालचं शाई धरत नाही. एका ओळीसाठी दुसरी स्टेन्सिल कशी घालायची, म्हणून मी तिथेच बसवली. सर, माझी चूक.”

“चूक कसली,” रेनर म्हणाला. “ती ओळ गेली म्हणून तर गोष्ट अशी झाली. मी चोवीस दिले ते त्या कोऱ्या जागेला.”

हे वाक्यही त्याने सहज म्हटले. बाईंना ते झोंबले. त्यांच्या विद्यार्थिनीची गोष्ट, आणि तिच्यातले उत्तम ते त्यांची ओळ नसण्यात. आणि तेही ओळखले या माणसाने. त्यांनी मात्र ते ओळखून खोडून टाकले. मनातल्या मनात त्यांनी बेरीज केली. चोवीस दिले असते तर सतराव्याचे अठ्ठेचाळीस झाले असते.

एक वाट अजून होती. परीक्षकाने कारण सांगून फेरवाचन मागावे, असे त्यांच्याच नियमांत लिहिले होते. मात्र कारण मुख्याध्यापकांसमोर, तोंडी सांगायचे. थिया सोमवारी गुणपत्रक वाचील. ‘उपरोध: एक’ हेही वाचील, आणि आपल्याला पाच रकाने आले नाहीत असे समजेल. बाईंनी हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले.

“मला फेरवाचन हवं आहे.”

“कारण?” व्हिटकम यांनी पेन उचलले.

“मी सतराव्याला मुद्दाम कमी गुण दिले. ती यांच्या वर्गातली आहे असं मला वाटलं.” त्यांनी रेनरकडे पाहिले नाही. “वाचताना आवडली होती. आवडली म्हणूनच दिले नाहीत. आणि आठव्याला चोवीस दिले, कारण ती माझी वाटली.”

गेजबाई गठ्ठ्याच्या कडा जुळवीत राहिल्या. व्हिटकम यांचे पेन कागदाला टेकले नव्हते.

“अंतर आठच राहावं म्हणून सोळा,” बाई पुढे म्हणाल्या. “पंधरा दिले असते तर तिसऱ्याकडे गेली असती.”

“तेही मोजलंत?”

“हो.”

रेनरने खुर्चीत जागा बदलली. “मग माझंही लिहून घ्या, सर. चोवीस दिले तेव्हा ती माझ्याच वर्गातली आहे अशी माझी खात्री होती. कात्रीचं काम दिसलं आणि छाती फुगली. बाईंच्या वर्गातली म्हणून वाचली असती, तर बावीस दिले असते. कदाचित एकवीस.”

“तुम्ही मला सोबत करू नका,” बाई म्हणाल्या.

“सोबत नाही करत. खरं सांगतोय. मला काय हौस आहे?”

व्हिटकम यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे एकाने मत्सरापायी कमी दिले, दुसऱ्याने मायेपायी जास्त. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या. बेरीज जवळपास बरोबरच आली म्हणायची.”

“ती बरोबर नाही,” बाई म्हणाल्या. “ती पहिली यायला हवी.”

“असेल. पण पाकिटे फुटली आहेत. आता या गावात तिसरा वाचक मिळेल. पण ती गोष्ट कोणाची हे न कळलेला मिळणार नाही. गेजबाई इथे आहेत.”

“सर, मी कोणाला सांगत नाही,” गेजबाई म्हणाल्या.

“फोन उचलेपर्यंत,” व्हिटकम म्हणाले. “स्टोडार्डबाई, फेरवाचन पाकिटे फुटण्याआधी मागायचं, असं तुम्ही लिहिलं आहे. सातवं कलम.”

बाईंनी मान हलवली. कलम त्यांना पाठ होते; मागताना ते त्यांनी मनात येऊ दिले नव्हते. आणि ते १९४१ साली का घातले, तेही आठवत होते. निकाल पाहून मग रडणारा एक शिक्षक तेव्हा ‘ब’ तुकडीला होता.

सोमवारी सकाळी, घंटेपूर्वी, त्यांनी थियाला बोलावून उपरोधाच्या रकान्यातला ‘एक’ चुकीचा होता, इतके सांगितले. मुलीने विचारले, “मग बरोबर किती?” बाई म्हणाल्या, “पाच.” ती दाराशी गेली, परत वळली आणि म्हणाली, “बाई, ती शेवटची ओळ नसली तरच गोष्ट बरी वाटते, असं सगळे म्हणतात. तुम्हाला?”

“मलाही,” बाई म्हणाल्या. हे दोन शब्द काढायला त्यांना जेवढे कष्ट पडले, तेवढे व्हिटकम यांच्यासमोर पडले नव्हते.

शुक्रवारी, २१ तारखेला संध्याकाळी नगरभवन भरले. सफरचंदाच्या गरम रसाचा वास, ओल्या लोकरीचा वास. बाई आणि एल्मर तिसऱ्या रांगेत बसले. रेनर पायऱ्या चढला आणि मनगटावरच्या घड्याळात पाहून चार मिनिटे बोलला. स्थळकाळ, पात्रे, संघर्ष, कलाटणी, उपरोध: क्रम बाईंचा होता, आणि ही मांडणी कोणाची हे त्याने नाव घेऊन सांगितले. लोकांनी वळून बाईंकडे पाहिले. त्या हसल्या. एल्मरने कोपर मारून विचारले, “बरं वाटलं का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “बोलला चांगला.”

नंतर ग्लेन ऑस्टरने स्टेशनमास्तरची गोष्ट वाचली, शेवटच्या वाक्यासकट. टाळ्या पडल्या. निकालाचा कागद दाराशी चिकटवला होता. बाहेर पडताना ज्याला हवा त्याने तो वाचला. क्रमांक आठ, चव्वेचाळीस गुण. क्रमांक सतरा, चाळीस गुण.